दोन-आठशे

टेबल शलाकाने बुक केलं, पुण्यात बसून.
पैसेही तिनेच भरले आधी, कारण तिला ठाऊक,
मेन्यूकार्डाची उजवी बाजू वाचून
आम्ही दोघं एक सूप मागवणार आणि उठणार.

शाती अल कुर्म. दाराशी फेटेवाला मुलगा.
फेटा शिवलेला, मागे वेलक्रो.
चितवनचा आहे म्हणाला, नाव टेकबहादुर,
"खम्मा घणी" मात्र अगदी ठसक्यात.

आत आल्याआल्या माणसं झुंबर बघतात,
काचेपलीकडचा समुद्र बघतात.
ह्यांनी छत बघितलं.
"जाळी बदलली," म्हणाले. "डक्ट तोच असणार."

मी भांडी बघत होते.
चटणी आली पंचपात्रात, वर पळी.
संध्येचं पंचपात्र!
आचमनासारखा एक थेंब तळहातावर घेतला.
पुदिना. बरा होता.

डाळ आली बादलीत,
बाहुलीच्या विहिरीवर शोभेल एवढ्याशा.
साडेतीन रियाल.
मी रुवीत अकरा जणांचे डबे करते,
डाळ माझ्याशी खोटं बोलू शकत नाही.
तेल तापायच्या आत हिंग पडलेला
आणि वरून कोळशाच्या धुराचं नाटक.
"कशी आहे?"
"हात घाईत होता कुणाचातरी."

शेजारी ओमानी कुटुंब.
आजोबांनी कुम्मा काढून गुडघ्यावर ठेवलेला,
नातीला नानचे तुकडे भरवत होते,
शुवय्या, शुवय्या,
ती मात्र दोन्ही गालांत कोंबत होती.

मग ह्यांचा घास थांबला.
"ऐकलंस?"
मला सतार ऐकू येत होती.
"सतारीच्या खाली. टर्र, टर्र. डँपर सैल झालाय."
जेवा, मी म्हटलं.
जेवले. पण कान वरच,
दुसऱ्याच्या कडेवर आपलं पोर किरकिरावं तसे.

मग बोलले, ताटाकडे बघत.
दोन हजार तीन, मार्च. इथे नुसते खांब होते.
हे परांचीवर आडवे, नाकाशी पत्रा,
आणि फोरमनच्या मोबाइलवर गुहागरचा फोन:
मुलगी. दोन-आठशे. दोघी बऱ्या.
रेंज गेली.
पेन्सिल कानावर होतीच.
साडेचारशे बाय तीनशे, त्या मापाखाली
ह्यांनी लिहिलं, २.८००.
दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टरने बोट ठेवलं,
हे कसलं माप?
"फायनल आहे, सर."
त्याने सही केली.

"आणि हे मला आज सांगताय?"
"तू कधी विचारलंस?"
काय विचारणार होते मी?
पत्र्यावर काय काय लिहिता, असं?

त्यानंतर मलाही ऐकू यायला लागलं.
टर्र, टर्र.
सतार संपली तरी ते चालूच.

बिल आलं पानाच्या डब्यात, शून्य रकमेचं,
सोबत दोन लवंगा.
टेकबहादुरने विचारलं, सब ठीक था?
ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी ह्यांच्याकडे.
मी हिंग गिळला. ह्यांनी डँपर.
"एकदम," आम्ही म्हणालो,
आणि ह्यांनी त्याच्या हातात एक रियाल ठेवला,
चोरून, मला दिसेल असा.

बाहेर पार्किंगकडे न वळता
हे मला मागच्या गल्लीत घेऊन गेले.
कचऱ्याचे डबे, गॅसच्या टाक्या, ओली फरशी,
आणि भिंतीतून अंगावर येणारा गरम वारा.
"हा एग्झॉस्ट," म्हणाले,
सासरच्या एखाद्या राहून गेलेल्या माणसाशी
ओळख करून द्यावी तसे.
मी पदर सावरून उभी राहिले. हुंगलं.
"परत," मी म्हटलं, "परत आधीच टाकला हिंग."
हे हसायला लागले, थांबेचनात.

क्रेटवर बसून लसूण सोलणारा एक पोरगा
आमच्याकडे बघत राहिला,
मग जरासा सरकला,
जागा करून दिल्यासारखा.