शेजारी

चौगुले सरांच्या वहीत सगळे रस्ते होते.
निळ्या शाईत, ओळीखाली ओळ:
मुरगूडला जायचं तर कागलवरून,
गारगोटीला जायचं तर मुरगूडवरून.
पतसंस्थेच्या शाखा एकवीस, ओळी चारशे तेरा.
कुठं केबल तुटली की
सर लुनाला पायडल मारून स्वतः जायचे
राउटरला नवा रस्ता सांगायला.

मार्चात सर निवृत्त झाले.
वही माझ्याकडं आली,
कव्हरला दूध संघाच्या कॅलेंडरचा कागद,
फेब्रुवारी बाहेरून.

आज रविवार. शाहूपुरीत, सहाव्या गल्लीत
सर्व्हर रूमचा एसी आणि मी.
फोनवर पलीकडं, कागलला, सुकुमार मगदूम,
त्याला भूक लागलीय आणि तो ते लपवत नाही.

मी राउटरला सांगते: आता वही नाही.
दर दहा सेकंदांनी शेजाऱ्याला हॅलो म्हण.
तुझ्या दारातून कुठं जाता येतं, किती खर्चात,
तेवढंच सांग, खरं सांग.
तो पुढं सांगेल. नकाशा ज्याचा त्यानं जोडावा.

पहिला हॅलो गेला.
कागलनं ऐकला. पण ऐकणं म्हणजे ओळख नव्हे.
उलट आलेल्या हॅलोत माझं नाव दिसलं
तेव्हा कुठं ओळख झाली.

आणि तिथंच घोडं अडलं.
नकाशे एकमेकांना दाखवायचे, त्याच्या उंबऱ्यावर.
एक्सस्टार्ट. एक्सस्टार्ट. परत एक्सस्टार्ट.
"ताई, एरिया बघा की."
शून्य. तुझ्याकडंही शून्य.
"पासवर्ड?"
तोच जुना, सरांच्या म्हशीचं नाव.
आणि हॅलो होतोय म्हणजे ते सगळं बरोबरच असणार की रे.

पाऊण तास.
मधे सुकुमारनं मिसळ खाल्ली, फोन न ठेवता.
फरसाण मला इथवर ऐकू आलं.
मग पाणी पिऊन तोच म्हणाला,
"एमटीयू किती ठेवलाय?"
पंधराशे.
"हितं चौदाशे हाय."

हॅलो छोटा असतो, कुठल्याही दारातून आत जातो.
मी पंधराशेचं माप सांगून पुढचं बोलायला लागले
की कागल ते न बोलता टाकून देत होतं.
आणि मी पुन्हा तेच.

त्यानं दार रुंद केलं. फुल, असं उमटलं.
"नाद खुळा," सुकुमार म्हणाला, आणि फोन ठेवला.

मग सरांच्या ओळी काढायला घेतल्या.
ओळीच्या आधी 'नो' लिहायचं, की ती ओळ जाते.
एवढं सोपं असायला नको होतं.
चारशे बारा गेल्या.
राधानगरीची एक ठेवली, शेवटच्या पसंतीची,
बाकी सगळं बंद पडलं तरच चालेल अशी.
कारण तांत्रिक आहे,
असं मी रजिस्टरात लिहिलं.

सव्वाचारला निढोरीजवळ जेसीबीनं केबल तोडली.
मुरगूड गेलं.
मी खुर्चीतून उठले, कशासाठी ते माहीत नाही,
चप्पल शोधत होते.
चप्पल सापडायच्या आत मुरगूड परत आलं,
बिद्रीवरून, मुदाळतिट्ट्यावरून, लांबच्या रस्त्यानं.
कुणी लुना काढली नाही.

संध्याकाळी वडणग्याला फोन लावला.
सर, झालं.
"आणि वही?"
आहे की.
"मग रस्ता आता ठरवतं कोण?"
ज्याचा तो. नकाशा सगळ्यांकडं सारखाच असतो.
"आणि शेजारी गप बसला तर?"
चाळीस सेकंद वाट बघतात, सर.
"मग?"
मग तो नाही असं धरतात. बाकीच्यांना कळवतात.

पलीकडं पासवर्ड रेकला.
सर काही बोलले नाहीत.
मी मोजत नव्हते, पण आकडे आपोआप येत राहिले,
वीस, पंचवीस,
एकतिसाव्याला सर म्हणाले,
"चाळीस म्हंजे लई झालं की गं."