पाव फेरा

गोठिवलीच्या गल्लीत स्कूटर आत जात नाही,
पिंपळाशी लावून चालत गेले.
बाळाराम मढवी पहिल्या मजल्यावर.
बेस पलंगावर निजवलेला,
चादर गळ्यापर्यंत.

मुलगी बघायला आल्यासारखं, असं लिहिणार होते,
पण त्यानं तसलं काही विचारलं नाही.
विचारलं, घरी एसी हाय का.
खाडीकडची भिंत कुठली.
मग म्हणाला, नखं दाखव.

मी ऐरोलीच्या लॅबमध्ये रक्त तपासते,
नखं आमची कापलेलीच असतात.
तेवढ्यावर हजार रुपये उतरले.

अँप गेल्या दिवाळीतच विकून झाला होता.
त्यानं बेस उचलला, खांदा सांभाळत,
डोकं कपाटाच्या दाराला टेकवलं
आणि सगळ्यात जाड तार सोडली.

कपाट बोललं.
आतले हँगर, स्टीलचे डबे, ठेवणीतल्या साड्या,
प्रत्येकानं त्या आवाजातला
थोडा थोडा वाटा घेतला.
स्वयंपाकघरातून बाई म्हणाल्या :
विकताय ना? मग वाजवताय कशाला?

पांढऱ्या प्लास्टिकवर हळदीचा डाग.
किती हळदी वाजवल्या, त्यालाही ठाऊक नाही.
'बेंजोवाल्याकडं सगले बघायचे.
माझ्याकडं कुनी नाय.
पन मी थांबलो की नाचनारे थांबायचे,
का थांबले ते त्यांना कलायचा नाय.'

बावीस, सोळा, एकवीस, चहा,
पुन्हा सोळा, मग गप्प,
एकोणीसला दोघेही उठलो.
पट्टा त्यानं काढून घेतला.
यो नाय देनार.
मीही मागितला नव्हता.

निघताना पिशवीतून षटकोनी चावी काढली,
माझ्या तळहातावर ठेवली,
बोटं वरून मिटली.
'हवेत पानी वाढला की मान पुढं वाकते,
तारा वर येतात.
पाव फेरा. जास्त नाय.
मग रातभर तशीच ठेव.
लाकूड सावकाश ऐकतं.'

घरी चारही तारा उतरवल्या
आणि दुधाच्या पातेल्यात दहा मिनिटं उकळल्या.
सासूबाई डोकावून म्हणाल्या, शेवया का?
पाण्यावर करडा तवंग आला,
चार-पाच हंगामांचा घाम, तेल,
कुणाकुणाच्या मांडवातली धूळ.
लेबल लावून बाटलीत भरावासा वाटला.
मग ओतून दिलं बेसिनमध्ये
आणि पातेलं तीनदा घासलं.

डाग स्पिरिटनं निघाला असता.
स्पिरिट माझ्याकडे लिटरनं असतं.

श्रावणात खरंच मान वाकली.
तिसऱ्या घरावर बोट दाबलं की तार कण्हायची.
चावी लावली. हात थरथरला,
रोज शंभर शिरांत सुई घालणारा हात.
पाव फेरा.
लाकडातून एक बारीक 'टक्' आलं
आणि मी रात्रभर पलंगावरून
कोपऱ्याकडे कान लावून पडले.

सकाळी त्याचाच फोन.
फिरवली?
फिरवली.
वाजव बघू.

मी फोन उशीवर ठेवला, जाड तार सोडली.
खिडकीची काच, टेबलावरचा पेला, माझी छाती,
सगळं आपापल्या जागी हललं.
पलीकडे मात्र काही नाही.
एवढा खालचा सूर फोनमध्ये मावत नाही,
हे त्याला माझ्याआधी माहीत होतं.

पोचतच नसेल काही, मी म्हटलं.

'तार नाय पोचत,' तो म्हणाला.
'बोट पोचतं. घासल्याचा आवाज येतो ना.
दुसरं बोट उशिरा उचलतेस.
आनि तिसरी तार ढिली हाय.'

तपासली.
होती.

त्याच्या बाजूनं काहीतरी कुरकुरलं,
खिळ्यावरून जुनं चामडं काढताना कुरकुरतं तसं.
परत वाजव, म्हणाला,
मी हितं पट्टा घालून बसलोय.