खोके

मार्चअखेरची मोजणी करत होते
ठाकुरद्वारच्या पोटमाळ्यावर, पाठ वाकवून,
कारण पोटमाळा माणसाच्या उंचीचा नाही,
पुस्तकांच्या थप्पीच्या उंचीचा आहे.

पाटीवर अजून आहे : कोलवणकर आणि पुत्र, प्रकाशक व विक्रेते.
पुत्र पवईत असतात.
त्यांचं ॲप दहा मिनिटांत कोथिंबीर पोचवतं.
वडील खाली गल्ल्यावर, पंखा दोनवर,
आलेला प्रत्येक फोन उचलतात
आणि कर्ज नको म्हणून सांगतात.

मी लागले तेव्हा आवृत्ती दोन हजारांची निघायची.
मग अकराशे. मग पाचशे.
परवाचा कथासंग्रह दीडशे.
त्यातल्या चाळीस लेखिकेनेच उचलल्या,
वीस अभिप्रायासाठी गेल्या, त्या गेल्याच,
आणि तीन खरोखरच्या माणसांनी विकत घेतल्या.
मला तिघांचेही चेहरे आठवतात.

पूर्वी अनुदान हातात पडलं की
कणकवलीहून ग्रंथपाल यायचे, चष्मा कपाळावर,
यादीवर बोट ठेवून विचारायचे,
बाईंचं नवीन आलं का?
कुठल्या बाई, ते विचारावं लागायचं नाही.

साडेअकराला जिन्यावर पावलं वाजली.
मी ओढणी झटकली, केस मागे सारले.
गिऱ्हाईक आलं की हात अजून आपोआप वर जातो.
शेजारच्या चाळीतली चित्कला सबनीस होती.
मावशी, रिकामे खोके आहेत का?
आम्ही सगळेच निघालोय. पुनर्विकास.
तीन वर्षं भाड्याने, कांजूरला.

रिकामे नाहीत गं, म्हटलं. भरलेले आहेत.
अरेरे, ती म्हणाली,
आजारी माणसाबद्दल म्हणावं तसं.

खालून कोलवणकर ओरडले,
दे तिला. कर रिकामे.

मग केले. निबंध पायऱ्यांवर,
चरित्रं खिडकीशी, पाककृती हाताशी
(त्या अजून खपतात),
कविता कोपऱ्यात, त्यांना जागा कमी लागते.
दुपारपर्यंत सगळ्या चाळीला कळलं.
दिवाळी अंकांचे दिवस सरल्यापासून
पहिल्यांदा आमच्या दारात रांग लागली.
माणसं खोका उलटा करून तळ बघत,
कोपरे दाबून बघत, थोपटत,
मजबूत आहे ना म्हणून दोनदा विचारत.
पुस्तक इतकं निरखून
कित्येक वर्षांत कुणी घेतलं नव्हतं.
दहा रुपयाला एक. सदतीस गेले.
एका गृहस्थांनी भाव केला.

दिवेलागणीला चित्कला परत आली, एक खोका घेऊन.
हा भरलेला आहे. तिकडे कपाटच नाही.
तुमच्याचकडची आहेत, आजी घ्यायची.
आत नऊ पुस्तकं, एकात घडी घातलेली पावती :
साडेचार रुपये, रोख, मिळाले.
कोलवणकरांनी पावती उजेडात धरली.
अक्षर त्यांचंच होतं, तरुण, उजवीकडे कललेलं.
पुस्तकाचं पान अंगठ्याने चोळून म्हणाले,
कागद चांगला वापरायचो आपण.
आणि शटर अर्धं ओढलं.

वहीत लिहिलं :
विक्री, पुस्तके, शून्य.
विक्री, खोके, तीनशे सत्तर.
परत आलेली, नऊ.
त्याला रकाना नव्हता, समासात लिहिलं.

मोजणी मात्र बोंबलली.
सगळा माल जमिनीवर, आणि कशात काय आहे
ते ज्यांच्यावर लिहिलेलं होतं
ते खोके आता कांजूरच्या वाटेवर.
पहिल्यापासून सुरुवात केली.
बावीस वर्षं यांच्या पाठी मोजल्या मी,
हातात आलेलं एक उघडलं,
नुसतं किंमत बघायला.

झाली का गं मोजणी? खालून आवाज आला.
मी चौदाव्या पानावर होते.
नाही, म्हटलं. तुम्ही निघा.