चौऱ्याऐंशी जहाजं

लाम्मेर्त कोरायचा, मी दाबयंत्राचं चाक ओढायचो,
आणि हिस्के आमच्या मधे, निखाऱ्यांवर पत्रा शेकत,
रेघारेघांत शाई भरत, जादाची फडक्यानं टिपत,
आणि शेवटी खडूची पूड लावलेल्या
नुसत्या तळहातानं पुसत.
हार्लिंगन बंदरात असा हात दुसरा नव्हता.

त्या साली लढाईचा पत्रा होता.
इंग्रजांची आणि आमची मिळून चौऱ्याऐंशी जहाजं.
तांब्यावर सारं उलटं,
सगळे तोफजी डावखुरे.

धूर कसा कोरतोस, मी विचारलं.
लाम्मेर्त म्हणाला, कोरत नाही.
लाट कोरायची, आभाळ कोरायचं, दोरखंडाचा पीळन् पीळ,
आणि धूर हवा तिथे हात आखडता घ्यायचा.

लढाई त्यानं पाहिली नव्हती.
एका लंगड्या गोलंदाजाला बिअर पाजून ऐकलेली.
तिसऱ्या मगानंतर तो
आणखी सहा इंग्रज बुडवायचा.

हिस्केचा डाउवे 'ठिपक्यांची गाय' जहाजावर,
वय पंधरा, काम दारू वाहण्याचं.
कुणी म्हणालं जळालं, कुणी म्हणालं धरून नेलं.
पगाराच्या वहीत त्याच्या नावापुढे
कारकुनानं जागा कोरी सोडलेली.

पत्र्यावर ती गाय होती, तिसऱ्या रांगेत,
करंगळीच्या नखाएवढी,
कडेवरून ज्वाळा निघालेल्या.
गिऱ्हाईक दोरीवरच्या ओल्या प्रतींपुढे उभं राहून म्हणायचं,
वा, आग काय काढलीय!
हिस्के निखारे फुंकायची.

दोनशेव्या प्रतीला ज्वाळा फिकटल्या.
तीनशेला डोलकाठी गेली.
चारशेच्या आसपास तिथे धूर होता,
शेजारच्या धुरात मिसळून गेलेला,
आणि बाकीची त्र्याऐंशी
दोरखंडासकट कशी लख्ख.

लाम्मेर्तनं भिंग लावलं, तांबेवाल्याला शिव्या घातल्या.
पत्रा एकाच जागी झिजतो कसा?
मी चाकाला वंगण देत होतो.
रोज माझ्या डोळ्यांदेखत तो तळहात
तिथे आला की थबकायचा,
मग तापलेल्या कपाळावरून फिरावा तसा
पुन्हा, पुन्हा.
मी बोललो नाही.

पुढच्या वर्षी तह झाला.
इंग्रजांची निशाणं घासून स्वीडनची कोरली,
नवी लढाई म्हणून तोच पत्रा खपला.
वर अक्षरांत चौऱ्याऐंशीच राहिली.
कोण मोजतो.

रविवारी चर्चमध्ये ती माझ्या पुढच्या बाकावर असायची.
राखेनं घासलेले हात, स्वच्छ,
फक्त उजव्या तळव्याच्या रेषांत
काळं काही उरलेलं,
बारीक, उलटं,
मला न वाचता येणारं.