वाघिणी

पहाटे तीनची मालगाडी घाट चढून लोंढ्यात येते.
अठ्ठावन्न वाघिणी. मष्णूमामा मोजतो,
बॅटरी काखेत धरून, सवयीनं.
कोळसा वास्कोच्या धक्क्यावरचा, त्याआधी बोटीतला,
त्याआधी कुठल्याशा देशातल्या जमिनीच्या पोटातला.
देशाचं नाव एका गार्डनं सांगितलेलं,
जिभेवर बसलं नाही.

फणसाच्या पानावर बोट ओढलं
की हिरवी रेघ उमटते.
द्रौपाकाकू उकडं भात आता घरामागं वाळवते,
तरी खानापूरचा दलाल मूठ उघडून बघतो, तोंड वाकडं करतो,
पोत्यामागं चाळीस रुपये कापतो.
वाघिणींचा दलाल कोण, ते काकूला ठाऊक नाही.

दुसऱ्या रुळासाठी राईतली झाडं गेली.
नोटीस कानडीत होती.
शाळेतल्या पोराकडनं वाचून घेतली,
तोवर करवत येऊन गेलेली.

रुळात पडलेला एखादा खडा मामा खिशात घालतो.
चोरी म्हणू नका, बंबापुरता.
परवाचा फोडला तर आत
पानाची नक्षी,
शीर न् शीर जाग्यावर.

‘तिकडं पण राई होती म्हणायची,’ एवढंच बोलला
आणि बंब न पेटवता
गार पाण्यानं आंघोळ केली.