जवारी

मिरजेत, दर्ग्यामागच्या बोळात
नबीलाल घोडीवर कानस फिरवतो,
फुंकर मारतो, षड्ज छेडतो.
'अजून खुलत नाही.'
पुन्हा कानस.

राग त्याला कुणी शिकवला नाही.
गिऱ्हाईक सकाळी यायचंय, कराडहून.

साडेनवाला लाईट गेली.
हात थांबले नाहीत.
षड्जावरून गंधाराकडे जाताना
मधली एक पायरी निसटली
आणि तिथंच तो बसून राहिला
बराच वेळ,
विहिरीत पाय सोडून बसावं तसा.

पुढचा सूर त्यानं शोधला नाही.
आला.
कोपऱ्यातले बिनतारांचे भोपळे
हळूच घुमले.

लाईट आल्यावर बायकोनं विचारलं,
'काय वाजवत होता एवढा वेळ?'
'वाजवतोय कुठलं,' तो म्हणाला,
'बघत होतो, बोलते का.'