उजवं-डावं

रिओ मायोच्या अलीकडे, चाळीस नंबरच्या रस्त्याला लागून
माझी गोमेरिया: पत्र्याची एक खोली, एक कॉम्प्रेसर,
आणि पश्चिमेचा वारा,
जो गिऱ्हाइकाच्या आधी आत येतो.

एवारिस्तो काल्फिन आला दुपारी तीनला.
मेंढीच्या पाठीवर बोटं ठेवून लोकरीची प्रत सांगणारा माणूस,
महिन्यातून चार फेऱ्या, या एस्तान्सियातून त्या एस्तान्सियात,
तीच जुनी एकशे पन्नासची मोटारसायकल.
म्हणाला, डेल्फिना, हिच्या मनात काहीतरी आहे.
हात सोडले तर उजवीकडे ओढते.
डावं वळण आलं की आधी आढेवेढे घेते,
मग पायरी चुकल्यासारखी एकदम खाली बसते.
बेअरिंग बदललं. साखळी ताणली.
डॉक्टरला खांदासुद्धा दाखवून झाला.

मी मागचं चाक उचललं, हळू फिरवलं,
तळहात आडवा नेला रबरावरून.
डावीकडची नक्षी कोरी करकरीत,
खाचेत नाणं अर्धं बुडेल.
मधोमध एक धार, बोटाला लागणारी.
आणि धारेच्या उजवीकडे काहीच नाही,
नुसतं सपाट, भाकरीच्या पोळपाटासारखं.
उजवं-डावं केलं होतं त्यानं, आणि किती मन लावून.

म्हटलं, तू दक्षिणेला निघतोस जेवण झाल्यावर,
वारा ऐन भरात असतो तेव्हा.
परततोस पहाटे, तो निजलेला असताना.

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं
जशी मी त्याची पत्रं फोडून वाचली.
कोण म्हणालं?
टायर म्हणाला.
एकशे ऐंशी किलोमीटर तू उजवीकडे रेललेला असतोस
वाऱ्याच्या अंगावर,
आणि तुला वाटतं, आपण सरळ चाललोय.
अंगवळणी पडलं की वळण दिसत नाही, एवारिस्तो.

तो बोलला नाही. लोकर पाहतो तशी
दोन बोटांनी ती धार पाहिली, दोनदा.
मग बूट उलटे करून टाचा पाहिल्या.

नवा टायर चढवला. बजावलं,
पहिले शंभर किलोमीटर जपून,
साच्याची चिकणाई असते अंगावर, पटकन घसरतो.
तो गेला, आणि सिगारेट संपायच्या आत परत आला.
इंजिन चालूच. म्हणाला,
ही आता फार वळते.
नुसतं बघितलं त्या बाजूला, तरी वळते.
कुणी माझं इतकं ऐकायची
सवय राहिली नाही गं.

पैसे पुढच्या फेरीला देईन म्हणाला. देईल.
पंपाच्या आडोशाला होता तोवर ताठ दिसला,
मग उघडं रान लागलं
आणि तो कलला,
उजवीकडे, नेहमीएवढाच.

जुना टायर मी शिडी लावून छपरावर टाकला,
पश्चिमेच्या कडेला,
जिथला पत्रा रात्री वाजतो.